तीनशेचा सोऱ्या

“तीनशे लिही,” आई म्हणाल्या.

“अहो आई, पितळी सोऱ्या आहे. जुना, जाड. मोडीत घातला तरी याच्यापेक्षा जास्त येतील.”

“ते मला कळतं. तू तीनशे लिही.”

मी मोबाइलवर तीनशे लिहून पाठवून दिले आणि चहा टाकायला आत गेले. नकार येणार हे मला ठाऊक होतं, आणि नकार आला की आईंची कळी खुलणार हेही ठाऊक होतं. त्या दिवसांत माझी सगळी धडपड तेवढ्यासाठीच चालली होती.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, प्रमिला खैरनार. नाशिकच्या भांडीबाजारात त्यांचा दरारा होता. त्यांनी दुकानात पाऊल टाकलं की गल्ल्यावरचा माणूस आधी पाणी मागवायचा आणि मग नोकराला सांगायचा, “चांगला माल काढ, नाहीतर या दुपारपर्यंत हलायच्या नाहीत.” सासरे हयात होते तेव्हा ते लाजून चार दुकानं पलीकडे जाऊन उभे राहायचे. साधी गाळणी घ्यायची तरी आई तिला उजेडात धरून तिच्यात सात खोटी काढत. पैसे वाचायचे तेवढे वाचायचेच, पण त्यांना खरा रस बोलण्यात होता.

त्या बाथरूममध्ये घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, हाड सांधलंय, आता चाला, जिना चढा-उतरा, नाहीतर पाय आखडून बसेल. आईंनी मान डोलावली आणि पलंग ते बाथरूम एवढाच रस्ता धरला, तोही वॉकरने. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी जिन्याचं नाव काढायची आणि आई डोळे मिटून घ्यायच्या. मोठमोठ्याने बोलणाऱ्या बाईचा आवाज पुढच्या खोलीतून ऐकू येईनासा झाला, तेव्हा मला खरी भीती वाटली.

हेमंतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तळमजल्यावरचा एक लहानसा फ्लॅट बघून ठेवला होता. त्याचा हेतू चांगलाच होता. “आई, तिथे तुला अंगणात तरी बसता येईल. मात्र जागा कमी आहे, तुझी मोठी भांडी काढून टाकावी लागतील,” असं त्याने सांगितलं. हे घर आईंनी आणि सासऱ्यांनी पोटाला चिमटा घेऊन घेतलेलं. आई भांडतील, रडतील, निदान त्याला चार शब्द सुनावतील अशी माझी अपेक्षा होती. त्या म्हणाल्या, “करा तुम्हाला काय करायचं ते.” आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. त्यांचं ते वाक्य मला आजही नकोसं वाटतं.

त्याच सुमारास माझ्या ऑफिसमधल्या एकीने ‘भावताव’बद्दल सांगितलं. आता ते ॲप बंदही पडलं. त्याच्यावर वस्तूंचे फोटो असायचे, किंमत मात्र नसायची. गिऱ्हाइकाने आपली किंमत लिहायची. विकणाऱ्याला पटली तर हिरव्या अक्षरांत ‘मान्य’, नाही पटली तर लाल ‘अमान्य’. वस्तूबद्दल प्रश्न विचारायची सोय होती, पण सौदा होईपर्यंत समोरचा कोण हे कळायचं नाही. आणि एकदा ‘मान्य’ आलं की संपलं, दोघांनाही माघार नाही.

मी आईंच्या उशाशी बसून त्यांना ते दाखवलं. पहिले दोन दिवस त्या नुसत्या बघत होत्या. तिसऱ्या दिवशी एका कोचाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “याला शंभर लिही.” अमान्य आलं. आईंनी उशी सरकवली आणि उठून बसल्या.

मी तेव्हा घरूनच ऑफिसचं काम करत होते, त्यामुळे मग आमची रोज दुपारी खरेदी सुरू झाली. खरेदी म्हणजे नुसती घासाघीस. हातात काही पडलं नाही म्हणजे दुपार छान गेली. एकदा मात्र एक मिक्सर चुकून आमच्या गळ्यात पडला आणि घरी आला तेव्हा त्याच्या भांड्यांना झाकणं नव्हती. आईंनी त्या विकणाऱ्याचा असा उद्धार केला की शेजारच्या काकू डोकावून गेल्या. पण त्यांची मूळ तक्रार वेगळीच होती.

“हा हो म्हणतो नाहीतर नाही म्हणतो,” त्या म्हणायच्या. “मध्ये काहीच नाही? ‘बाई, परवडत नाही’ नाही, ‘तुमच्यासाठी म्हणून’ नाही. याला काय भाव करणं म्हणतात?”

सोऱ्याच्या बाबतीत तसं झालं नव्हतं. फोटो बघितल्याबरोबर आईंनी प्रश्नांची सरबत्ती केली. चकलीच्या ताटलीचे काटे झिजलेत का? दट्ट्या सैल झालाय का, दाबताना कडेने पीठ वर येतं का? दांड्याला झोल आहे का? शेवेची बारीक ताटली आहे की फक्त जाड? मी लिहीत गेले, आणि प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर आलं. काटे शाबूत आहेत. पीठ वर येत नाही. दांड्याला थोडा झोल आहे, पण हाताला जाणवत नाही. बारीक शेवेची ताटली हरवली आहे.

“खरं बोलतोय मेला,” आई खूश होऊन म्हणाल्या होत्या.

मी चहा घेऊन बाहेर आले तर आई मोबाइल हातात धरून बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा पडला होता.

“हो म्हणाला,” त्या म्हणाल्या.

“तीनशेला?”

“पहिल्या फटक्यात. हूं नाही की चूं नाही.” त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. हिरवं ‘मान्य’ होतं. “शर्मिला, पहिल्या भावाला कोणी हो म्हणत नसतं. माल खोटा असला तर म्हणतं, नाहीतर माणूस अडचणीत असला तर. आणि माल खोटा नाही. ज्याला खपवायचाय तो कशाला सांगेल की ताटली हरवली आहे म्हणून?”

सौदा झाल्यामुळे खाली विकणाऱ्याचं नाव आणि पत्ता आला होता. माधवी शिरसाठ, म्हसरूळ. आईंनी पुन्हा सोऱ्याचे फोटो उघडायला लावले. दुसऱ्या फोटोत सोऱ्याच्या पोटावर ठिपक्या ठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. मी ते मोठं करून दाखवलं. ‘चि. द्वारका हिस मामांकडून.’

“नाव घातलेलं भांडं,” आई म्हणाल्या. “मामाने लग्नात दिलेलं. असं भांडं बाई स्वतः विकत नाही. मोडलं तर बदलून घेते, पण विकत नाही.” मग पुन्हा खालचं नाव वाचलं. “द्वारकेचं भांडं ही माधवी विकतेय. सून असणार. सासू पडली असेल अंथरुणावर, आणि ही बया तिला न विचारता...”

त्या एकदम थांबल्या. मीही चहाचा कप खाली ठेवला. खोलीत आम्ही दोघीच होतो, एक सासू आणि एक सून, आणि स्वयंपाकघरातल्या माळ्यावर आईंची सगळी नाव घातलेली भांडी होती. हेमंतने कुठली ठेवायची आणि कुठली काढायची ते मलाच विचारलं होतं. आई माझ्याकडे बघत नव्हत्या.

“ॲपवाल्यांचा माणूस आणून देईल ना परवा,” मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

“आणून द्यायचं नाही. आपण जाऊन आणू असं कळव.”

“मी जाऊन येते संध्याकाळी.”

“तू नाही. तुला काय विचारायचं ते कळायचं नाही. मी जाते.” आणि त्यांनी पलंगाखाली पाय सोडले. “माझी ती निळी साडी काढ. आणि हेमंतला फोन करू नकोस. तो चार माणसं आणि खुर्ची घेऊन येईल.”

मी साडी काढली. दुसरं काय करणार? आत जाऊन डॉक्टरांना फोनवर विचारावं असं एकदा मनात आलं, पण विचारलं आणि ते नको म्हणाले तर, या भीतीने विचारलं नाही.

जिन्याच्या तोंडाशी त्या उभ्या राहिल्या. वॉकर मी आधीच एका हातात घेतला होता. त्यांनी उजव्या हाताने कठडा धरला, डावा माझ्या खांद्यावर ठेवला आणि दुखरा पाय आधी खाली टाकला. उतरताना दुखरा आधी, चढताना धडका आधी. व्यायामाची मुलगी हे सांगायची तेव्हा आई डोळे मिटून पडलेल्या असत. म्हणजे सगळं ऐकत होत्या तर.

प्रत्येक मजल्यावर त्या थांबत. दुसऱ्या मजल्यावर जाधवांच्या दारातल्या स्टुलावर बसल्या. जाधववहिनी बाहेर येऊन “अगंबाई!” म्हणाल्या आणि टाळ्याच वाजवायच्या बाकी राहिल्या. आईंचा ब्लाउज घामाने ओला झाला होता. “परत फिरायचं का?” मी विचारलं.

“परत फिरायचं तर चढावं लागेल,” त्या म्हणाल्या. “त्यापेक्षा उतरणं सोपं.”

रिक्षात बसल्यावर मला रडू फुटलं. आई रस्त्याकडे बघत होत्या. मार्चचं ऊन रणरणत होतं, दुकानांच्या पाट्या बदललेल्या होत्या, आणि त्या एकेक पाटी वाचत होत्या. माझं रडणं त्यांना दिसलं असणार, पण त्यांनी ते माझं मला उरकू दिलं.

म्हसरूळला साधं बैठं घर होतं. दारात तुळस, बाजूला स्कूटर. माझ्याच वयाच्या बाईने दार उघडलं. हातात कणीक, कपाळावर घाम. “सोऱ्यासाठी ना? या, या. पण तुम्ही स्वतः कशाला...” तिचं लक्ष वॉकरकडे गेलं आणि तिने घाईघाईने खुर्ची पुढे ओढली.

आई बसल्या नाहीत. “माधवी तुम्हीच का?”

“हो.”

“आणि द्वारका कोण?”

“आत्याबाई. माझ्या सासूबाई.”

“त्यांना माहीत आहे का, तुम्ही त्यांचा सोऱ्या विकायला काढलाय ते?”

माधवी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात खिडकीजवळच्या कॉटवरून आवाज आला. शब्द थोडे जड होते, पण आवाजात धार होती.

“मीच काढलाय विकायला. का हो? काय फसवलं तुम्हाला?”

कॉटवर एक अगदी लहानखुरी म्हातारी पडलेली होती. पांढरेशुभ्र केस, तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं. डोळे मात्र सगळीकडे फिरत होते. आई वॉकर टेकत तिच्यापर्यंत गेल्या.

“तीनशेला कोणी पितळी सोऱ्या देतं का?”

“तुम्हीच लिहिले ना तीनशे?”

“मी लिहिले. लिहायचे असतात तसे! मग तुम्ही म्हणायचं दोन हजार. मी म्हणायचं चारशे. तुम्ही म्हणायचं, बाई, घरचं भांडं आहे, थट्टा करता का. मग मी उठायचं. मग तुम्ही हाक मारायची.” आईंना धाप लागली. “असं एकदम हो म्हणतात का?”

द्वारकाबाईंचा ओठ एका बाजूने वर गेला. ते हसू होतं हे मला जरा उशिराने कळलं. “दोन हजार लिहिणारा आला होता,” त्या म्हणाल्या. “माधवी, सांग की यांना.”

“एका हॉटेलवाल्याचे दोन हजार आले होते,” माधवी म्हणाली. “त्याला त्याच्यात दिवा बसवून छताला टांगायचा होता. आणि एका बाईंना शोकेसमध्ये ठेवायला हवा होता, त्या अठराशे म्हणाल्या. आत्याबाईंनी दोघांनाही अमान्य करायला लावलं.”

“छताला टांगणार म्हणे,” द्वारकाबाई म्हणाल्या. “पन्नास वर्षं या गल्लीने त्याच्या चकल्या खाल्ल्यात. लोक विचारायचे, केवढा आहे, किती वजनाचा आहे, पॉलिश होतं का. तुम्ही पहिल्या निघालात, काटे झिजलेत का विचारणाऱ्या. कडेने पीठ वर येतं का विचारणाऱ्या. मी माधवीला म्हटलं, ही बाई करणारी आहे. हिला हवाय तर हिला दे, ती म्हणेल त्या पैशाला. तीस म्हणाल्या असतात तरी दिला असता.”

माधवीने आतून सोऱ्या आणला. तो घासूनपुसून लखलखीत केला होता आणि धुतलेल्या पंच्यात गुंडाळला होता. तिने तो आईंपुढे धरला. आईंनी हात पुढे केला नाही.

मला वाटलं, आता आई दोन गोड शब्द बोलतील, पैसे देतील आणि आपण निघू. मीसुद्धा तेच केलं असतं. आजारी म्हातारीला बरं वाटलं असतं, आणि खरं-खोटं करायला कोण येणार होतं? पण आईंनी खुर्ची ओढली, बसल्या आणि मान खाली घातली.

“मी ते किंमत पाडायला विचारलं होतं,” त्या म्हणाल्या. “खोट सापडली की भाव उतरतो, म्हणून. वेळ घालवायला चालतं ते आमचं. मी चकल्या करत नाही. हाड मोडल्यापासून मी स्वयंपाकघरात पाय ठेवलेला नाही. तुम्ही तो दुसऱ्या कोणाला तरी द्या.”

माधवीच्या हातात सोऱ्या तसाच होता. द्वारकाबाई आईंकडे एकटक बघत होत्या. त्यांना राग आला असावा असं मला वाटलं, आणि आला असता तर तो रास्तच होता.

“कुठून आलात?” त्यांनी विचारलं.

“इंदिरानगरहून. रिक्षाने.”

“रिक्षा घरात आली होती?”

“नाही. तीन मजले उतरले.”

“आता वर कशा जाणार?”

“चढून. दुसरं काय करणार?”

द्वारकाबाईंनी डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटापाशी धरून उचलला आणि सोडून दिला. तो धप्पकन चादरीवर पडला. “हा गेलाय माझा,” त्या म्हणाल्या. “वर्ष झालं. हिला नोकरी आहे, हिच्याने होत नाही, आणि मी हिला म्हणतही नाही. म्हणून काढला विकायला. तुमचं काय गेलंय? पाय?”

“पाय.”

“मग सोऱ्या काय पायाने फिरवतात, बाई?”

आईंनी वर बघितलं. मला वाटतं, पडल्यापासून त्यांच्याशी कोणी असं बोललंच नव्हतं. आम्ही सगळे हळू बोलत होतो, जपून बोलत होतो, “तुम्हाला झेपेल तेवढं” म्हणत होतो. भांडीबाजारातल्या एकाही दुकानदाराला त्यांना असं निरुत्तर करता आलं नव्हतं.

“आण इकडे,” त्या माधवीला म्हणाल्या.

मांडीवर सोऱ्या घेऊन त्यांनी पंचा सोडला. दट्ट्या काढून उजेडात धरला, ताटलीवरून अंगठा फिरवला, दांडा दोनदा फिरवून बघितला. मग पर्स उघडली आणि तीनशे रुपये मोजून कॉटवर ठेवले, वर एक पैसा नाही. द्वारकाबाईंनीही डाव्या हाताने ते घेऊन मुकाट्याने उशीखाली सारले.

परत चढताना आम्हाला किती वेळ लागला कोण जाणे. पहिल्या मजल्यावर आई पायरीवरच बसल्या आणि आता मला इथेच राहू दे म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारी बसले. आमच्या दोघींच्या मध्ये सोऱ्याची पिशवी होती. वरून उतरणारी जाधवांची मुलं आम्हाला ओलांडून गेली. थोड्या वेळाने आईंनी कठडा धरला आणि धडका पाय वरच्या पायरीवर ठेवला.

तळमजल्याच्या फ्लॅटचं हेमंत रविवारी पक्कं करणार होता. त्या सकाळी तो दलालाशी फोनवर बोलत स्वयंपाकघराच्या दारात आला आणि बोलता बोलता थांबला. आई ओट्याशी खुर्ची घेऊन बसल्या होत्या, समोर परातीत भाजणीचं पीठ, आणि मी त्यांच्या हुकमाने कढत तेलाचं मोहन घालत होते. “बघतोस काय?” आई त्याला म्हणाल्या. “नंतर बोल त्याच्याशी. आणि सांग त्याला, जिना मला चढता येतो.” हेमंतने फोन बंद केला. तो कितीतरी वेळ दारातच उभा राहिला. पहिल्या दोन चकल्या तेलात विरघळल्या, तेव्हा आईंनी त्याच्यावरच राग काढला.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन त्या पुन्हा उतरल्या. या खेपेला दुसऱ्या मजल्यावर बसल्या नाहीत.

द्वारकाबाईंना कडक काही चावता येत नव्हतं, हे आम्हाला तिथे गेल्यावर माधवीने सांगितलं. आईंचा चेहरा उतरला. पण द्वारकाबाईंनी डावा हात पुढे केला. आईंनी त्यात एक चकली ठेवली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, उलटीसुलटी करून काटे बघितले. मग कानाशी धरली आणि अंगठ्याने दाबली. चकली कुडकन मोडली. त्यांनी डोळे मिटले. मोडलेला तुकडा बराच वेळ जिभेवर घोळवत राहिल्या.

“तीळ कमी पडलेत,” त्या म्हणाल्या.

आईंच्या केलेल्या पदार्थाला नावं ठेवायची माझी तर सोडाच, सासऱ्यांचीही कधी छाती झाली नव्हती. मी आईंकडे बघितलं. त्यांनी वॉकर भिंतीला टेकवला, खुर्ची कॉटच्या अगदी जवळ ओढली आणि पदर खोचून बसल्या.

“बरं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही किती घालायचात?”